शंभरातले किती गावात राहिले?

पहिल्या दिवाळीत आमच्या बचत गटाने पोह्यांवर घालायच्या मसाल्याच्या, म्हणजे जिरावणाच्या, ६४ पुड्या ऑनलाइन विकल्या. एकेका ऑर्डरला गावात टाळ्या वाजत होत्या. भाऊबीज आटोपल्यावर मी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी हिशेबाची वही उघडून बसले. विक्री ७,६८० रुपये. मसाल्याचं सामान २,६८८, पुड्या नि लेबलं ३८४, वरचे खोके ४४८, पोर्टलचं कमिशन ७६८ आणि कुरिअर ३,५२०. बेरीज ७,८०८. म्हणजे अकरा बायकांनी चार दिवस कुटून, चाळून, भरून कमावले उणे १२८ रुपये. मजुरी तर धरलीच नव्हती.

बँकेत ३१ वर्षं लोकांच्या कर्जाच्या फायली तपासण्यात गेली माझी. दुसऱ्याच्या वहीत अशी बेरीज दिसली असती तर मी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं असतं. घरच्या कार्यात मात्र हिशेब करायला लाज वाटते तसं झालं.

हा लेख त्या १२८ रुपयांतून निघाला आहे. गट इंदूरजवळच्या देपालपूर तहसिलीतल्या एका गावचा. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं ते माहेर. इंदूर, देवास, धार, उज्जैन या पट्ट्यात ज्यांची शेती आहे, ओळखीचा बचत गट आहे किंवा निवृत्तीनंतर काहीतरी उपयोगाचं करायचं आहे, त्यांनी आमच्या चुका फुकटात घ्याव्यात. माझा आग्रह एकाच आकड्यासाठी आहे: ग्राहकाने दिलेल्या शंभर रुपयांतले गावात किती राहिले? विक्री किती, ऑर्डरी किती, फोनवर किती जणांनी अंगठा दाखवला, हे सगळं त्याच्या नंतर.

या मातीत हे नवं नाही

गावात इंटरनेट आणून बाजार जोडायचा प्रयोग देशात सुरुवातीला जिथे झाला, त्यातली दोन ठिकाणं आपल्या अंगणातली आहेत. जानेवारी २००० मध्ये धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ सुरू झालं. गावोगावी सूचनालयं, म्हणजे माहिती केंद्रं होती, ती गावातलेच तरुण चालवत, त्यांना सूचक म्हणत. मंडीचे भाव, दाखल्यांचे अर्ज, तक्रारी, सगळं तिथे व्हायचं. वीज नि टेलिफोनच्या तारा दगा द्यायच्या हे खरं, पण भाव विचारायला मंडीपर्यंत जावं लागत नाही ही गोष्ट तिथल्या शेतकऱ्याला कळली.

त्याच वर्षी जूनमध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातल्या सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली. तोवरची रीत अशी: गाडी भरून मंडीत न्यायची, लिलाव होईल त्या भावाला मान तुकवायची, तोलाई-हमाली कापून घ्यायची, पैशासाठी ताटकळायचं. भाव पटला नाही तरी भरलेली गाडी परत कोण आणणार? चौपालीत गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसला. तो संचालक. भाव आदल्या दिवशीच कळे, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होई.

मला या गोष्टीतला सर्वात शहाणा भाग वेगळाच वाटतो. जुन्या आडत्यांना कंपनीने वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांना संयोजक म्हणून सोबत घेतलं, कारण माल गोळा करणं, गाड्या, गोदाम, रोकड हे सगळं त्यांना येत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, किराणा दुकानदाराकडे आपण पुढे येणार आहोत.

चीनमध्ये याच गोष्टीचं मोठं रूप झालं. ज्या गावाची ऑनलाइन उलाढाल वर्षाला १ कोटी युआन आहे आणि जिथे १०० चालू ऑनलाइन दुकानं आहेत किंवा १० टक्के घरं या धंद्यात आहेत, त्याला तिकडे ‘ताओबाओ गाव’ म्हणतात. २००९ मध्ये अशी ३ गावं मोजली होती, २०२० मध्ये ५,४२५. च्यांगसू प्रांतातलं शाची हे गाव त्यातलं सुरुवातीचं. जुनं प्लास्टिक गोळा करणारी नि डुकरं पाळणारी वस्ती. २००६ च्या सुमारास शहरातून परतलेल्या एका तरुणाने सुतारांकडून साधं, सुटं करता येणारं फर्निचर बनवून घेतलं आणि ऑनलाइन विकायला लागला. शेजाऱ्यांनी बघितलं, उचललं. मग फळ्या कापणारे आले, स्क्रू विकणारे आले, खोके बनवणारे, फोटो काढणारे, कुरिअरवाले आले.

याला अभ्यासक ‘परिसंस्था’ म्हणतात. इंदूरच्या छावणी मंडीभोवती हमाल, तोलारी, बारदानवाले, चहावाला नि पंक्चरवाला जसे आपसूक जमले, तसंच हे. फोनवरचं दुकान म्हणजे मंडीचं फाटक फक्त. पैसा फाटकात अडकत नाही, तो भोवतीच्या कामांत वाटला जातो. ती कामं गावात असतील तर गावाला, इंदूरला असतील तर इंदूरला. शाचीला दुसरा धडाही मिळाला: सगळे एकमेकांची नक्कल करून भाव पाडत बसले. आपल्याकडे एका गल्लीत पाच जणांनी साबुदाण्याचे पापड काढले की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

पायरी पहिली: माल ठरवण्याआधी वजन करा

कुरिअरचा दर बहुतेक ठिकाणी ५०० ग्रॅमच्या टप्प्याने चढतो. आमची २०० ग्रॅमची एक पुडी गेली तरी ५५ रुपये, दोन गेल्या तरी ५५. हे कळायला आम्हाला ६४ पार्सलं लागली.

एका पुडीची किंमत १२० रुपये, घरपोच. सामान ४२, पुडी-लेबल ६, खोका ७, कुरिअर ५५, कमिशन १२. झाले १२२. दोन पुड्यांची जोडी २४० ला विकली तर सामान ८४, पुड्या १२, खोका थोडा मोठा म्हणून ८, कुरिअर तेच ५५, कमिशन २४. एकूण १८३. उरले ५७. त्यातले २० मजुरीचे, ७ फुटक्या-परत आलेल्या पार्सलांसाठी बाजूला आणि ३० गटाला. गावात राहिले ५०, म्हणजे शंभरातले २१.

पुढच्या वर्षी धणे नि मिरची इंदूरच्या सियागंज बाजारातून आणण्याऐवजी गटातल्याच बायकांच्या वावरातून त्याच भावाने घेतली. ८४ रुपयांच्या सामानातले ४० तिथेच राहिले. गावाचे झाले ९०, शंभरातले साडेसदतीस. ग्राहकाने दिलं तेवढंच, पुडीवरचं लेबलही तेच. फरक पडला तो फक्त पैसा कुठून कुठे गेला यात. असा तक्ता तुमच्या मालाचा करा. आकडे तुमचे वेगळे येतील, ओळी ह्याच राहतील.

वजनाला एक जुळा भाऊ आहे: आकारमान. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअरवाले लावतात तसं ५००० ने भागायचं. येईल ते किलो. हे वजन नि काट्यावरचं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. माळव्यातला बटाटा वेफर्ससाठी नावाजलेला, म्हणून आम्ही एक किलो वेफर्स ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात घातले. १५,००० भागिले ५,००० म्हणजे ३ किलो! एक किलो वेफर्स नि दोन किलो हवा पुण्याला गेली, आणि वेफर्स पोचले ते भुगा होऊन. भाचीने फोनवर विचारलं, “मावशी, हे भेळेत घालायचं आहे का?”

तेव्हा माल निवडताना विचार असा करा. पंधरा दिवस ट्रकमध्ये राहिला तर टिकेल का? पडला तर फुटेल का? किलोला किंमत किती? आणि पुण्या-मुंबईच्या माणसाने तो कोपऱ्यावरच्या दुकानातून न घेता आपल्याकडूनच का घ्यावा? जिरावण चारही ठिकाणी पास होतं. इंदूर सोडून गेलेल्या माणसाला पोह्यांवर ते नसलं की चुकल्या-चुकल्यासारखं होतं, हे या शहरात वाढलेल्या कुणालाही पटेल. महेश्वरी साडी पास होते, बाघ प्रिंटचं कापडही. गहू तिसऱ्या प्रश्नाला अडतो, किलोला किंमत कमी.

इथे एक सावधगिरी. महेश्वरी साडी, बाघ प्रिंट, रतलामी सेव, इंदूरची चामड्याची खेळणी, झाबुआचा कडकनाथ ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावं आहेत. ठरलेल्या भागात, ठरलेल्या रीतीने बनलेल्या मालालाच ती लावता येतात आणि त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. देपालपुरात शेव तळून ‘रतलामी’ लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातली तुळस आपली म्हणणं. स्वतःच्या गावाचं नाव लिहा. सुरुवातीला कुणी ओळखणार नाही, चालेल.

पायरी दुसरी: पुण्याआधी इंदूर

गहू अडतो म्हटलं, पण तो कुरिअरला अडतो. गावातून पहाटे दूधगाडी इंदूरला येतेच. बाटीचं जाड पीठ, मालवी गव्हाचा दलिया, रवा, हरभऱ्याची डाळ, लसूण हे सगळं त्या गाडीत पाच-पाच किलोच्या पिशव्यांत येऊ शकतं. आम्ही दूधवाल्या दादांना पिशवीमागे १० रुपये ठरवून दिले. मंगळवारी राजेंद्र नगर, शुक्रवारी सुदामा नगर. ऑर्डर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत व्हॉट्सअॅपवर, पैसे यूपीआयने, पिशवीवर घर क्रमांक.

याला कुणी ई-कॉमर्स म्हणणार नाही, कारण यात ना पोर्टल आहे ना अॅप. माझ्या मते गावाने शिकायला यासारखी दुसरी शाळा नाही. चूक झाली तर काकू फोन करून रागावतात, एका ताऱ्याचा शेरा लिहून जात नाहीत. दलियात खडा आला तर दुसऱ्या दिवशी पिशवी बदलून देता येते. आणि परतीचा खर्च शून्य, कारण दूधगाडी रिकामे कॅन घेऊन परत जातेच. सहा महिने हे नीट जमलं की मगच पुण्याचं नाव काढा. आम्ही उलटं केलं होतं, म्हणून तर ते उणे १२८.

पायरी तिसरी: कामं वाटा, आणि खातं कुणाचं ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

सुरुवातीला सगळं एकाच बाईवर पडतं: जी बोलकी असते तिच्यावर. तीच कुटते, तीच फोन घेते, तीच पार्सल घेऊन फाट्यावर उभी राहते. तिसऱ्या महिन्यात ती थकते आणि धंदा बसतो. म्हणून कामं सुटी करा: निवडणं-भाजणं, कुटणं-चाळणं, भरणं-सील करणं, फोटो नि उत्तरं, पार्सल पोचवणं, वही. प्रत्येक कामाला नगावर दर लावा आणि तो भिंतीवर लिहा. आमच्याकडे पुडी भरून सील केली की ३ रुपये. कुणी पन्नास भरल्या, कुणी वीस. “सगळ्यांना सारखं” हे ऐकायला गोड वाटतं, पण जी दुपारभर बसली तिला ते टोचतं.

फोटो नि उत्तरांसाठी बारावी झालेली एक मुलगी घेतली. तिला महिन्याचे पैसे ठरवून दिले. तिच्या वडिलांनी पहिल्यांदा विचारलं, “दीदी, मोबाइल चलाने के पैसे?” दुसऱ्या महिन्यात तेच तिला फाट्यावर सोडायला स्कूटर काढून उभे. मी यावर भाष्य करणार नाही, फक्त एवढं सांगते की हा पगार गावात राहिलेल्या रकमेत मोजायला विसरू नका.

आता खातं. पहिल्या वर्षी क्यूआर कोड एका सदस्येच्या मुलाच्या फोनचा होता. मुलगा वाईट नव्हता, पण पैसे आले कधी, गेले कधी, कुणालाच कळेना. गटाच्या नावाचं बचत खातं, दोन सह्या आणि त्याच खात्याचा क्यूआर, हे पहिल्या विक्रीच्या आधी झालं पाहिजे. मजुरी प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात टाका, रोख देऊ नका. रोख रक्कम घरात शिरली की ती घराची होते. खात्यातली रक्कम निदान ती स्वतः बघते, मग काय करायचं ते ठरवते. मध्य प्रदेशात बहुतेक बायकांची खाती सरकारी योजनांमुळे उघडलेली आहेतच, फक्त त्यांना लागलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते तपासा. आमच्या अकरांपैकी चौघींच्या खात्याला नवऱ्याचा किंवा दिराचा नंबर होता. बँकेत जाऊन तो बदलायला एक दुपार गेली.

बचत गट पुरेसा आहे की शेतकरी उत्पादक कंपनी काढावी, हे अनेक जण विचारतात. उत्पादक कंपन्यांच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद लागत. ३०० माणसांची सभा, संचालक मंडळ, लेखापरीक्षण हे सांभाळणारं कुणी असेल तर जरूर काढा. अकरा बायका नि एक खलबत्ता असेल तर गट बस्स.

पायरी चौथी: कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण एका बैठकीत उरकतो. उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन, पूर्णपणे मोफत आहे. कुणी त्याचे पैसे मागितले तर उठून या. खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. छोट्या उत्पादकाला साधी नोंदणी चालते आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक पुडीवर छापायचा.

जीएसटीत लोक फसतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला पोर्टलवरून आपल्याच राज्यात माल विकताना जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. अट अशी, की उलाढाल मर्यादेच्या आत हवी. मध्य प्रदेशात फक्त माल विकणाऱ्याला ती ४० लाख आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक नावनोंदणी क्रमांक मात्र घ्यावा लागतो. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा झाला तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलती आहेत, त्या सीएकडून आपल्या वस्तूपुरत्या तपासून घ्या. इंदूर ते भोपाळ एक नियम नि इंदूर ते जळगाव दुसरा, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसाला जरा विनोदी वाटतं, पण आहे असं आहे. ‘आधी इंदूर’ म्हणण्यामागे हेही एक कारण होतं.

पुडीवर काय छापायचं: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचा हिरवा ठिपका. यातलं बरंचसं ऑनलाइन पानावरही दिसावं लागतं. लेबल एकदम पाच हजार छापू नका. आम्ही छापली, आणि पहिल्याच महिन्यात किंमत बदलली.

यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना बघा, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात. २०२० मध्ये ती आली तेव्हा तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाला जोडलेलं अनुदान होतं आणि बचत गटाच्या सदस्येमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल. सध्याची स्थिती जिल्ह्याच्या उद्यानिकी विभागात विचारा. एक सल्ला बँकवालीचा: अनुदानासाठी यंत्र घेऊ नका. महिन्याला दीडशे किलोच्या पुढे कुटायला लागलात तर यंत्राचा विचार करा. तोवर गावच्या चक्कीवाल्याला भाडं द्या, तेही गावातच राहतं.

पायरी पाचवी: फोटो आणि नाव

सकाळी आठ ते दहा, ओसरीत, मागे साधं सुती पांढरं कापड. पुडी हातात धरलेला एक फोटो, म्हणजे आकार कळतो. मागच्या लेबलाचा एक, वाटीत काढलेल्या मसाल्याचा एक, आणि कुटताना दहा सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट. मागे गाणं लावू नका. खलबत्त्याचा आवाज पुरे.

नाव शोधणारा कसं टाइप करेल याचा विचार करा. जिरावण, जीरावन, जीरामन, पोहा मसाला. हे सगळं वर्णनात यायला हवं. आणि वर्णन खरं लिहा. आमच्या फोटोवाल्या मुलीने उत्साहात “शंभर टक्के सेंद्रिय” लिहिलं होतं. मिरचीवर फवारणी झाली होती हे मला माहीत, तिला माहीत, मिरचीला माहीत. ते काढलं नि लिहिलं, “धणे आणि मिरची आमच्याच शेतातली, बाकी मसाले इंदूरच्या बाजारातले.” या ओळीमुळे विक्री कमी झाली नाही.

पायरी सहावी: कुठे विकायचं

क्रम असा ठेवा: ओळखीचे, मग शहरातल्या वसाहती, मग एखादं मोठं पोर्टल. मोठ्या पोर्टलवर ग्राहक आयता मिळतो, पण तो पोर्टलचा ग्राहक असतो. कमिशन, जाहिरात, परतीचा खर्च हे सगळं शंभरातूनच जातं आणि पैसे हातात यायला दिवस लागतात. धणे उधार आणले असतील तर ते दिवस जड जातात. म्हणून पोर्टलवर जाताना निदान महिनाभराच्या सामानाचे पैसे गटाच्या खात्यात हवेत.

ओएनडीसी नावाचं खुलं जाळंही आहे. सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये त्याची कंपनी स्थापन झाली. कल्पना यूपीआयसारखीच. तुमच्या नि माझ्या फोनवर वेगळी अॅप असूनही पैसे जातात, तसं विक्रेता एका अॅपवर नि ग्राहक दुसऱ्यावर असूनही सौदा व्हावा. कल्पना मला आवडते. गटाने मात्र तिथे जाताना एकच प्रश्न विचारावा, की आपल्या पिनकोडवरून पार्सल उचलायला कोण येणार आणि किती रुपयांत? उत्तर अंधुक आलं तर थांबा.

पार्सलबरोबर एक चिठ्ठी घाला, गटाचा फोन नंबर असलेली. पोर्टलची त्याला बंदी असेल तर घालू नका, नियम वाचा. थेट आलेल्या ग्राहकांची नावं मात्र त्यांना विचारून एका वहीत ठेवा. दिवाळीच्या महिनाभर आधी त्यांना एक निरोप पाठवला तरी बरंच काम होतं. महिनाभर म्हणते, कारण दिवाळीच्या तोंडावर कुरिअर तुंबतात आणि धनत्रयोदशीला पोचायची पुडी तुळशीच्या लग्नाला पोचते.

पायरी सातवी: पार्सल, पोस्ट आणि किराणा दुकान

खोका भरून झाला की खांद्याच्या उंचीवरून ओट्यावर टाका, तीनदा: एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. आत काही फुटलं, गळलं तर ग्राहकाकडेही तेच होणार. पावसाळ्यात मसाला दमट होतो, आतली पुडी नीट सील हवी आणि भरणी कोरड्या दिवशीच करा. फुटण्यापेक्षाही महाग पडतं ते ‘पोचल्यावर पैसे’. ग्राहक दार उघडत नाही, पार्सल परत येतं आणि जाण्या-येण्याचं भाडं आपल्या माथी. आधी पैसे देणाऱ्याला १० रुपये सूट द्या, स्वस्त पडते.

खाजगी कुरिअर गावात येईलच असं नाही. टपाल खातं येतं. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत नि त्यांतली बहुतेक खेड्यांत. पोस्टमन काकांशी बोलून घ्या, पिशवी किती वाजता निघते ते विचारा आणि पार्सलं त्या आधी पोचवा. आमच्याकडे ही वेळ कळायला दोन आठवडे लागले, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता किराणा दुकानदार. त्याला या सगळ्याचा राग येतो आणि तो रास्त आहे. ज्या फोनवरून जिरावण बाहेर जातं, त्याच फोनवरून साबण, चपला नि चार्जर गावात येतात आणि त्याचं गिऱ्हाईक तुटतं. गावातून महिन्याला किती पार्सलं बाहेर गेली हे आम्ही मोजत होतो, एकदा आत किती आली तेही मोजायला सांगितलं. आत येणारी चौपट होती. पैसा गावात आणायला निघालो नि मागच्या दाराने चौपट वेगाने जात होता!

यावर उपाय म्हणून त्याचं दुकानच पार्सलचा ठिय्या केलं. जाणारी पार्सलं दुपारी त्याच्याकडे जमा होतात, येणारी तो ठेवून घेतो, पार्सलमागे ठरलेले रुपये त्याला मिळतात. त्याच्याकडे वजनकाटा होता, सावलीची जागा होती आणि सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत कुणीतरी बसलेलं असतंच. खोक्यांसाठी जुने पुठ्ठेही त्याच्याकडेच. चौपालीने आडत्यांचं जे केलं, तेच. तो आता आमच्या पुड्या दुकानातही ठेवतो आणि गावच्या जत्रेत त्याने स्वतःच बऱ्याचशा खपवल्या, कुरिअरचा एक पैसा न देता.

पायरी आठवी: दर रविवारची वही

पाच रकाने पुरतात: ग्राहकाने किती दिले, गावातल्या शेतमालाला किती गेले, मजुरी नि गावातल्या भाड्याला किती गेले, गटाकडे किती उरले, आणि बाहेर किती गेले. मधल्या तीन रकान्यांची बेरीज पहिल्याशी ताडून बघा. तो तुमचा शंभरातला आकडा. आमचा सध्या चाळिशीच्या आसपास हिंदकळतो. दूधगाडीच्या मालात तो सत्तरच्या वर जातो, कारण गहू गावचा, चक्की गावची नि गाडीही गावची. म्हणूनच आम्ही पुण्याच्या ऑर्डरींपेक्षा राजेंद्र नगरच्या मंगळवारची जास्त काळजी घेतो, जरी पुण्याची ऑर्डर आली की टाळ्या अजूनही जोरात वाजतात.

वही मोठ्याने वाचा, सगळ्यांसमोर. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकडे लक्षात राहतात, आपल्यापेक्षा चांगले. मागच्या रविवारी मी लहान खोक्यांचे ८ रुपये वाचले तर कोपऱ्यातून आवाज आला, “दीदी, पिछली बार सात थे.” तपासलं. सातच होते. दुकानदाराने एक रुपया वाढवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

सुरुवात करायची असेल तर येत्या रविवारी एवढंच करा. जो काही माल डोक्यात आहे त्याच्या दहा पुड्या भरा, काट्यावर ठेवा, पोस्टाने दहा नातेवाइकांना भेट म्हणून पाठवा: दोन पुण्याला, दोन नागपूरला, एक वडोदऱ्याला, एक ग्वाल्हेरला, बाकीचे जिथे असतील तिथे. प्रत्येकाला सांगा, खोका उघडायच्या आधी एक फोटो, उघडल्यावर एक, आणि किती दिवसांनी पोचला ते. चव कशी आहे ते विचारू नका, नातेवाईक खरं सांगत नाहीत.